आत्याबाईंचा आवाज आणि पंख्याची घरघर

गेल्या वर्षावासात आमच्या देवळ्याच्या वस्तीतील विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले. अश्विन पौर्णिमेला सांगता झाली, खीर वाटली, मंडळी उठू लागली आणि आमच्या आत्याबाई, वय वर्षे ८२, आपण होऊन बोलू लागल्या. भूमिहीनांच्या १९६४ सालच्या सत्याग्रहात त्या कडेवर तान्हे मूल घेऊन तुरुंगात गेल्या होत्या, एवढे घरात सर्वांना माहीत होते. पण त्यांच्या तोंडून ते सविस्तर असे कुणीच ऐकले नव्हते. गेलेली माणसे परत फिरली, सतरंजीवर बसली. आत्याबाई पाऊण तास बोलल्या. बोलता बोलता त्यांनी तुरुंगातल्या बायकांनी रचलेल्या गाण्याची चालही धरली.

आमच्या पुतण्याने प्रसंगावधान राखून हे सारे मोबाईलमध्ये भरून घेतले. आम्हास फार समाधान वाटले. घरी आल्यावर सर्वजण भोवती बसलो आणि ते लावले, तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला तो विहाराच्या छताचा पंखा. मग स्टीलच्या ताटांचा खणखणाट, दाराशी खेळणारी मुले, कुणाची तरी चप्पल. आणि या सर्वांच्या पलीकडे, जणू आडाच्या तळाशी बसून कुणी बोलत आहे, अशा आत्याबाई. "पाच दिवस ठेवलं," एवढे कळले. कुणाला ठेवले, कुठे ठेवले, पुढे काय झाले, काही कळेना. गाण्याची चाल तर पंख्याने पूर्ण खाल्ली.

आमच्या घराण्यात ही चूक दुसऱ्यांदा झाली. पहिली आम्ही स्वतः केली होती.

आमच्या आजोबांचे थोरले बंधू, त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणत असू. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि ९ एप्रिलला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, हे आपण पुस्तकात वाचतो. मोठे बाबा त्या दगडफेकीत होते. वय १८. कपाळावरची खूण शेवटपर्यंत होती. १९९४ साली आम्ही नववीत असताना वडिलांचा टेपरेकॉर्डर त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवला, ६० मिनिटांची कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबले आणि त्यांना सांगावयास लावले. वर्षभरात मोठे बाबा कालकथित झाले. कॅसेट आहे. तिच्यात काय आहे? यंत्राच्या मोटारीची एकसारखी घरघर आहे, त्यांचा खोकला आहे, ओट्यासमोरून गेलेली एक बैलगाडी आहे. मधूनमधून एखादे वाक्य आहे.

परमपूज्य बाबासाहेबांच्या लाखो शब्दांचे खंड आपल्या कपाटात आहेत, पण त्यांचा प्रत्यक्ष आवाज किती थोडा उरला आहे हे वाचकांस ठाऊक आहे. बीबीसीने १९५५ साली घेतलेली मुलाखत ऐकताना अंगावर काटा येतो तो केवळ विचारांमुळे नव्हे. ते कुठे थांबतात, कुठल्या शब्दावर जोर देतात, हे कागद सांगू शकत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्याचे उदाहरण घ्या. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले, म्हणून जलशांचे शब्द तरी हाती राहिले. त्या जलशांत ढोलकी कशी वाजत होती, समोरची माणसे कुठे हसत होती, हे ज्यांनी ऐकले त्यांच्याबरोबर गेले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांचा आवाज कॅसेटमुळे घरोघर राहिला. पण ते गावोगाव फिरून गात तेव्हा मागे धरणारे, साथ करणारे जे शेकडो होते, त्यांच्यापैकी कितीजणांचा आवाज कुणाकडे आहे?

म्हणून यावेळी आम्ही हट्टाला पेटलो. आत्याबाई अजून आहेत, स्मरण शाबूत आहे, पुन्हा बोलावयास तयार आहेत. यंत्र कुठे चुकते ते शोधावयाचे ठरविले. आम्ही वाणिज्य शाखेचे, कारकुनी करणारे; विजेच्या वायरी हा आमचा प्रांत नव्हे. चुका करीत शिकलो. त्या चुका येथे सांगतो, म्हणजे आपणास त्या पुन्हा करावयास नकोत.

पहिली गोष्ट, यंत्राचा कान आणि आपला कान एक नव्हेत. विहारात बसलेल्या आम्हा सर्वांना आत्याबाई व्यवस्थित ऐकू येत होत्या, पंखा कुणाच्या लक्षातही नव्हता. आपले मन नको तो आवाज बाजूस सारते. यंत्राला मन नाही. जे जवळ ते मोठे, जे दूर ते लहान, एवढाच त्याचा न्याय. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर साधारण निम्मा होतो. नऊ इंचांवरून बोललेला शब्द सहा फुटांवर जाईपर्यंत अंतर आठपट होते आणि जोर एक अष्टमांश उरतो. पंखा मात्र आहे तेवढाच राहतो. पुतण्याचा मोबाईल दहा फुटांवर होता. पुढचा हिशेब आपण करा.

दुसरी गोष्ट, घरगुती रेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळण्याची सोय असते. कॅसेटच्या टेपरेकॉर्डरमध्ये ती होती, आजच्या बहुतेक मोबाईलमध्येही आहे. कुणी मोठ्याने बोलले की यंत्र स्वतःच आवाज खाली ओढते, शांतता झाली की वर चढविते. ऐकावयास सोय वाटते. प्रत्यक्षात हा न विचारता ताळेबंद जुळविणारा कारकून आहे. जमा-खर्च सारखे दिसले पाहिजेत एवढेच तो पाहतो. मोठे बाबा दगडफेकीचे सांगताना ओरडले, ते नीट ऐकू येते. मग त्यांचा आवाज हळू झाला. त्या क्षणी यंत्राने शांतता समजून सारे वर चढविले आणि जवळात जवळ काय होते? स्वतःचीच मोटार. जे माणूस हळू आवाजात सांगते तेच बहुधा महत्त्वाचे असते आणि नेमके तेच मोटारीच्या घरघरीत गेले.

यावर उपाय एकच, यंत्राचा कान उचलून माणसाजवळ नेणे. म्हणजे बाहेरचा माईक लावणे. रेकॉर्डर चार हातांवर राहू द्यावा, पंखा बंद करता आला तर करावा, आणि माईक बोलणाऱ्याच्या छातीशी.

हे ठरल्यावर आम्ही आमच्या मंडपवाल्याकडे गेलो. जयंतीला, परिनिर्वाण दिनाला ज्याचा लाउडस्पीकर असतो तोच. त्याने आपला हातात धरण्याचा माईक मोठ्या मनाने दिला. त्याच्या वायरीच्या टोकाला जाड, पाव इंची पिन होती. आमच्या छोट्या डिजिटल रेकॉर्डरचे भोक बारीक, साडेतीन मिलिमीटरचे. बाजारातून जोडणीची टोपी आणली आणि लावली. काहीच नाही. पाहतो तो रेकॉर्डरला दोन भोके. आम्ही पिन घातली होती ती लाईन-इनच्या भोकात.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. माईकमधून येणारी वीज अगदी नाजूक असते, काही मिलिव्होल्ट. लाईन-इनचे भोक दुसऱ्या टेपमधून किंवा रेडिओमधून येणाऱ्या तयार आवाजासाठी असते, तो शेकडो मिलिव्होल्टचा, म्हणजे सुमारे शंभरपट जोरकस. माईक लाईनमध्ये घातला तर आवाज येत नाही किंवा मुंगीएवढा येतो. उलट टेपची वायर माईकच्या भोकात घातली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. भोकाजवळ बारीक इंग्रजी अक्षरांत नाव छापलेले असते. चष्मा लावून वाचावे. आम्ही वाचले नव्हते.

माईकच्या भोकात पिन घातल्यावर आवाज आला, पण हेडफोनच्या डाव्याच कानात, आणि बारीक. डाव्या कानाचे कोडे मंडपवाल्याने सोडविले. पिनेवर काळ्या रेघा असतात, त्या मोजाव्यात. एक रेघ म्हणजे एकेरी पिन, मंडपाच्या माईकची. दोन रेघा म्हणजे दुहेरी, डावा-उजवा वेगळा. छोट्या रेकॉर्डरचे भोक बहुधा दोन रेघांच्या पिनेसाठी केलेले असते. त्यात एका रेघेची पिन गेली की एक बाजू मुकी होते. माणसाचे बोलणे भरण्यासाठी एक बाजू पुरते. नंतर तीच दोन्ही कानांना जोडून घेता येते. त्यामुळे यात घाबरण्याचे कारण नाही, फक्त माहीत असावे.

बारीक आवाजाचे कारण वेगळे. मंडपाचा माईक ओठांना टेकवून बोलण्यासाठी आणि मागे दांडगा ॲम्प्लिफायर असण्यासाठी केलेला असतो. छोट्या रेकॉर्डरला त्याची नाजूक वीज उचलताना धाप लागते. पातळी वाढवावी तर सरसर असा आवाज भरतो. तोंडापासून चार बोटांवर धरला तर चालतो. म्हणून तो आत्याबाईंच्या हाती दिला. आणि काय सांगावे! ज्या आत्याबाई विहारात खाली बसून घरच्यासारख्या बोलत होत्या, त्या माईक हाती येताच ताठ झाल्या आणि "अध्यक्ष महाराज, बंधू आणि भगिनींनो" अशी सुरुवात केली. वीस मिनिटे भाषण झाले. भाषण उत्तम होते. तुरुंगाचा उल्लेख नव्हता, तान्ह्या मुलाचा नव्हता. ते त्यांनी व्यासपीठावर कधी सांगितलेच नव्हते ना!

तेव्हा हाती न दिसणारा माईक हवा, हे कळले. त्याला कॉलर माईक म्हणतात. करंगळीच्या पेराएवढा, चिमट्याने पदराला अडकतो. आम्ही मालेगावहून मागविला. किंमत एका कांद्याच्या गोणीएवढी, तीही भाव पडलेला असताना. हा माईक जातीने वेगळा आहे. त्याला चालण्यासाठी स्वतःची थोडी वीज लागते. काहींच्या डबीत बटणासारखा सेल असतो. बाकीचे ती वीज, दोन-तीन व्होल्ट, रेकॉर्डरच्या माईकच्या भोकातूनच घेतात. रेकॉर्डर ती देतो की नाही हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. काही रेकॉर्डरमध्ये ती सोय चालू-बंद करावी लागते आणि ती बंद असली तर चांगला माईकही मढ्यासारखा पडून राहतो. शंका असेल तर सेलवाला माईक घ्यावा. मात्र काम झाल्यावर त्याचे बटण बंद करण्यास विसरू नये. आम्ही विसरलो आणि एक सेल रात्रीत गेला.

मागविलेला माईक मोबाईलसाठीचा निघाला. त्याच्या पिनेवर तीन रेघा. मोबाईलच्या भोकात हेडफोन आणि माईक एकाच ठिकाणी येतात, म्हणून तिथे चार भागांची पिन लागते आणि माईकचा भाग अगदी मुळाशी असतो. रेकॉर्डरसाठीचा दोन रेघांचा माईक थेट मोबाईलमध्ये घातला तर मोबाईलला तो माईक वाटतच नाही, हेडफोन वाटतो. दोन्हींमध्ये जोडणी करणारे छोटे तुकडे मिळतात, दोन रेघांवरून तीनवर आणि तीनवरून दोनवर; दुकानदारास यंत्र आणि माईक दोन्ही दाखवूनच घ्यावेत. ज्या नव्या मोबाईलला गोल भोकच नाही, त्याला चार्जिंगच्या तोंडात लावण्याचा तुकडा घ्यावा लागतो, आणि सगळे तुकडे सगळ्या मोबाईलला चालत नाहीत. दुकानातच लावून ऐकून घ्यावे, उधारीची लाज नको.

आम्ही म्हटले, मोबाईलचा माईक तर मोबाईलमध्येच लावू. पुतण्याचा मोबाईल घेतला, पिन घातली, चिमटा आत्याबाईंच्या पदराला लावला, मोबाईल समोरच्या पेटीवर ठेवला. तिसऱ्यांदा आत्याबाई बोलल्या, यावेळी मनापासून. घरी येऊन ऐकतो तर पुन्हा पंखा, पुन्हा आड! मोबाईलला पाठीवर रबरी जाड कव्हर होते. त्याच्या कडेमुळे पिन पूर्ण आत गेलीच नव्हती, दोन तांदळांएवढी बाहेर राहिली होती. चिमटा पदरावर शोभेला होता आणि मोबाईल आपल्याच कानाने पेटीवरून ऐकत होता. त्या रात्री घरात कुणी कुणाशी बोलले नाही. पुतण्यास आम्ही नको ते बोललो, ते बरोबर झाले नाही. दोष आमचाही होता. परीक्षा न घेता सुरुवात करण्याची घाई आम्ही केली.

ती परीक्षा अशी आहे. सर्व जोडून झाले की दहा सेकंद भरून पाहावे. त्यात प्रथम कॉलर माईकवर नखाने हळूच खरवडावे, मग यंत्राच्या अंगावर खरवडावे. लावून ऐकावे. माईकवरची खरखर मोठी आणि यंत्रावरची जवळजवळ नाही, तर जोडणी बरोबर आहे. उलट असेल तर यंत्र अजून स्वतःच्या कानाने ऐकत आहे. कव्हर काढा, पिन दाबा, तुकडा बदला. रेकॉर्डरला हेडफोनचे भोक असेल तर भरताना एकाने हेडफोन लावून बसावेच. हे काम घरातील मुलींना द्यावे असा आमचा अनुभव आहे. आमच्या कन्येने पहिल्या मिनिटात फ्रीजचा आवाज ओळखला, जो आम्हास आजही ऐकू येत नाही.

मोबाईल विमानात बसल्यासारखा बंद, म्हणजे फोन येणार नाही अशा स्थितीत ठेवावा. नाहीतर ऐन वेळी कुणाचा तरी "जय भीम, काय चाललंय?" असा फोन येतो आणि भरणे तुटते. चार्जर लावून भरू नये, विजेचा गुणगुणाट शिरतो. रेकॉर्डर असल्यास नवे सेल घालावेत.

बसण्याच्या जागेविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ओट्यावर बसण्याची आपली रीत आहे, पण आमच्या ओट्यासमोरून कांद्याचे ट्रॅक्टर जातात. आतल्या खोलीत बसावे. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो; दोन गोधड्या भिंतीशी टांगल्या आणि एक खाली अंथरली की घुमणे पुष्कळ कमी होते. चिमटा छातीशी, हनुवटीपासून वीतभर खाली लावावा. सुती पदर बरा, नायलॉनचा सळसळतो. काचेच्या बांगड्या वाजतात. काढावयास सांगू नये, त्यापेक्षा हाती रुमाल द्यावा, हात आपोआप मांडीवर राहतात. बाहेर बसणे भागच असेल तर माईकला स्पंजची टोपी हवी. वारा माईकवर ढोल बडविल्यासारखा येतो.

आणि ऐकणाऱ्याने गप्प बसावे. आपण कार्यकर्ते मंडळी "बरोबर", "हो हो", "अगदी अगदी" म्हणत राहतो, ते सगळे भरले जाते. मान हलवावी. म्हातारे माणूस थांबले तर थांबू द्यावे. दहा आकडे मनात मोजावेत. बहुधा आठव्या आकड्यावर ती पुढचे वाक्य बोलते. आमच्या कसमादे भागातील वडीलधारी मंडळी घरात अहिराणी बोलतात आणि यंत्र दिसले की पुस्तकी मराठी बोलू पाहतात. त्यांना आधीच सांगावे की घरची भाषाच हवी आहे. सुरुवातीला आपण नाव, गाव, तारीख बोलावी. हे नंतर कुणाला द्यावयाचे की घरातच ठेवावयाचे, हे त्यांना विचारावे आणि त्यांचे उत्तरही त्यातच भरावे. तुरुंग, मारहाण, भाऊबंदकी असे पुष्कळ काही निघते. परवानगीवाचून ते गावभर फिरू नये.

हे काम काही आम्ही पहिल्यांदा करीत आहोत असे नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी महाराष्ट्रभर हिंडून चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. त्या स्त्रियांपैकी कितीतरी जणींचे नाव त्याआधी कुठल्याही पुस्तकात नव्हते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयतव्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा प्रचंड संग्रह केला. बर्नार्ड बेल या संशोधकाच्या मदतीने १९९० च्या दशकात त्यांतील शंभराहून अधिक तासांचा आवाज चांगल्या यंत्रावर भरून ठेवला गेला. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या आपल्या भगिनींनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत आणि आज त्या कुणालाही ऐकता येतात. ज्या साली मोठे बाबांची आमची कॅसेट वाया गेली, जवळपास त्याच काळातले हे काम. फरक माणसांत नव्हता.

जुन्या कॅसेटचेही सांगितले पाहिजे, कारण बहुतेक वाचकांच्या माळ्यावर एक पेटी असेलच. प्रथम कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकाव्यात, म्हणजे चुकून कुणी त्यावर भरणार नाही. फीत एकदा पुढे, एकदा मागे अशी पूर्ण फिरवून घ्यावी. टेपचे डोके कापसाला स्पिरिट लावून पुसावे. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून दोन्हीकडे दोन रेघांची वायर रेकॉर्डरच्या लाईन-इनमध्ये. येथे लाईन-इनच, माईक नव्हे. टेपचा आवाज अर्ध्यापेक्षा कमी ठेवून सुरुवात करावी. जो आवाज मूळ कॅसेटमध्येच नाही तो कुठल्याही यंत्राने येत नाही, हे मनाशी धरून बसावे.

आम्ही मोठे बाबांची कॅसेट अशी उतरविली. चांगला हेडफोन लावून तीन रात्री ऐकली. एक तासातून चार मिनिटे सलग कळली. एका ठिकाणी ते आपल्या आईविषयी बोलत आहेत एवढे ओळखू येते. आई सत्याग्रहाला आली होती काय, की तिने येऊ नको म्हटले होते, हे त्या हळू झालेल्या वाक्यात आहे. ते वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकले असेल.

भरलेले एकाच ठिकाणी ठेवू नये. बोलणे एकेरी, पूर्ण गुणवत्तेत भरले तर तासाला सुमारे ३२० मेगाबाईट जागा लागते; १६ जीबीच्या कार्डात ५० तास मावतात. एक प्रत घरी, एक नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी, एक विहारात. फाईलच्या नावात माणसाचे नाव आणि तारीख हवी. "नवीन रेकॉर्डिंग ७" या नावाने पुढची पिढी काय शोधणार?

चौथ्यांदा आत्याबाईंकडे गेलो तो मागच्या रविवारी, सकाळी सातला, लाइट जाण्याची वेळ होती तीच साधून. पंखा, फ्रीज, टीव्ही सारे आपोआप गप्प. रेकॉर्डर सेलवर, कॉलर माईक तीनवरून दोनवर करणाऱ्या तुकड्यातून माईकच्या भोकात, पातळी आपोआपवरून हातावर घेतलेली. नखाची परीक्षा झाली. कन्येने हेडफोन लावून मान हलविली. आत्याबाईंना खात्री नव्हती. "तीन डाव सांगं ना तुले," असे म्हणून त्यांनी आधी दहा सेकंद आपले नाव-गाव सांगितले आणि आम्ही ते हेडफोनवर त्यांना ऐकविले. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"हाऊ मना आवाज शे का?"

होय म्हटले. मग त्या बोलल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांची हाक कशी आली, ६ डिसेंबरला मोर्चा कसा निघाला, पडीक जमिनीची मागणी आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणी आपल्याला कुणी आणि कशी समजावून सांगितली, हे सर्व आले. तान्ह्या मुलाला दूध नव्हते तेव्हा शेजारच्या गावच्या एका बाईने, जिचे स्वतःचे मूल महिन्यापूर्वी गेले होते, तिने पाजले, हे आले. हे त्या इतक्या हळू बोलल्या की समोर बसलेल्या आम्हास नीट कळले नाही. हेडफोन लावलेल्या कन्येला कळले; तिने डोळे पुसले आणि यंत्राकडे बोट करून सारे ठीक आहे असे खुणेने सांगितले.

दिवस पाच नव्हते, पंधरा होते. मोबाईलमध्ये आम्ही चुकीचे ऐकले होते आणि तसेच चार ठिकाणी सांगूनही बसलो होतो. गाणे मात्र त्यांनी पूर्ण म्हटले नाही, चार ओळींवर थांबल्या. पुढचे शेजारच्या गावच्या त्या दूध पाजणाऱ्या बाईला येते, म्हणाल्या. ती अजून आहे, नातवाकडे असते. नव्वदीला आलेली आहे. येत्या रविवारी रेकॉर्डर घेऊन तिकडे जावयाचे आहे. आत्याबाई बरोबर येणार आहेत, सेलचे नवे पाकीट आणून ठेवले आहे आणि पुतण्याने मोबाईलचे कव्हर काढून टाकले आहे.